हेअर ट्रान्सप्लांटला २४ दिवस झाले, लावलेले केस गळतायत आणि दिवाळीत समुद्रात उतरायचंय

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय २७, मालवणला घर, तारकर्लीला पर्यटकांना स्कूबाला नेता. गणपती झाल्यावर मुंबईला जाऊन एफयूई पद्धतीने (डोक्याच्या मागून केसांची मुळं एकेक करून काढून) ३,००० ग्राफ्ट, म्हणजे केसांची मुळं, पुढे लावून घेतलेत. तिसऱ्या दिवशी कपाळ आणि डोळे सुजले, ती सूज आठवडाभरात उतरली. आता लावलेले केस अंघोळ करताना हातात येतायत, डोक्याची मागची बाजू बधिर आहे आणि पुढे चार-पाच पुटकुळ्या आल्यात. क्लिनिकला फोन केला की ‘नॉर्मल आहे’ एवढंच सांगतात. आईने मासे बंद केलेत आणि ती तेल लाव म्हणते, मित्र म्हणतो केस टिकवायला दिलेली गोळी घेऊ नकोस. आणि दिवाळीच्या सुट्टीत बोटीवर गर्दी असणार, तेव्हा पाण्यात उतरलं तर चालेल का?

मी कुडाळला त्वचारोगांची प्रॅक्टिस करते. ही शस्त्रक्रिया स्वतः करते, आणि मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोव्यातून करून आलेले बरेच जण पुढच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे येतात. तुम्ही ज्याला सगळ्यात जास्त घाबरलाय, ते केस गळणं, ही यातली सगळ्यात कमी काळजीची गोष्ट आहे. खरी अडचण दुसरीच आहे. ऑपरेशन झालं ५०० किलोमीटरवर आणि जखम भरतेय इथे, ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात, आणि डोक्याकडे प्रत्यक्ष बघणारं कुणी नाही. फोनवर ‘नॉर्मल’ म्हणणाऱ्याने तुमच्या पुटकुळ्या पाहिलेल्या नाहीत. मीही पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे खालचं सगळं तुमच्या वर्णनावर आधारलेलं आहे.

असा पेशंट समोर आला की मी दोनच गोष्टी आधी विचारते. आज कितवा दिवस? आणि त्रास वाढतोय की कमी होतोय? या शस्त्रक्रियेनंतरच्या बहुतेक त्रासांना आपापली वेळ ठरलेली असते. वेळेवर आला आणि दिवसागणिक ओसरत चालला, तर त्याला त्याच्या गतीने जाऊ द्यायचं. भलत्या वेळी आला, किंवा एकदा उतरून पुन्हा चढायला लागला, तर दाखवायचं. सुजेचंच बघा. डोकं बधिर करायला सलाइनमध्ये लिग्नोकेन आणि ॲड्रेनॅलिन मिसळून कातडीखाली भरपूर टोचतात. ते पाणी नंतर कपाळावरून खाली डोळ्यांपर्यंत उतरतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस ओळखू येत नाही. म्हणून पहिले चार-पाच दिवस उशा लावून अर्धवट बसून झोपायला सांगतात, बर्फ कपाळावर ठेवायला सांगतात, ग्राफ्टवर कधीच नाही. तुमची सूज वेळेवर आली, वेळेवर गेली. तीच सूज आता तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा आली असती, एकाच बाजूला, लाल, गरम आणि दुखरी, तर तो जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागला असता.

आता केसांचं. ग्राफ्ट काढला की त्या मुळाचा रक्तपुरवठा तुटतो. नव्या जागी बसवल्यावर पहिले दोन-तीन दिवस ते आजूबाजूच्या द्रवावर तग धरतं, मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या त्याला जोडल्या जातात. या धक्क्यात मूळ जगतं, पण केस वाढवायचं काम थांबवतं आणि वर उभा असलेला केस सोडून देतं. दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्या-आठव्या आठवड्यापर्यंत हे चालू राहतं, आणि लावलेल्या केसांपैकी बहुतेक गळतात. आमच्याकडच्या माणसांना मी हे भाताच्या तरव्यावरून सांगते. उपटून लावलेली रोपं आधी पिवळी पडतात, माना टाकतात, पण म्हणून कुणी लावणी मोडत नाही.

हातात आलेला एखादा केस उजेडात धरून बघा. टोकाला टाचणीच्या डोक्याहून बारीक पांढरा ठिपका दिसेल, कधी त्याला खपलीचा तुकडा चिकटलेला असेल. तो ठिपका बघून लोक केस कागदात गुंडाळून माझ्याकडे घेऊन येतात, ‘डॉक्टर, मुळासकट आला.’ ते मूळ नाही, गळलेल्या केसाचं खालचं टोक आहे. नवा केस तयार करणाऱ्या पेशी कातडीत चार-पाच मिलिमीटर खोल असतात आणि त्या तिथेच राहतात. ग्राफ्ट खरोखर निसटतो तेव्हा तिथून रक्त येतं, आणि ते पहिल्या आठवड्यातच होतं, खपली नखाने ओढली किंवा डोकं गाडीच्या दाराला आपटलं म्हणून. साधारण नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट पक्का धरलेला असतो. तुम्ही २४ व्या दिवशी आहात आणि रक्त आल्याचं लिहिलेलं नाही.

पुढचं वेळापत्रक मनाशी नीट ठेवा, कारण मधल्या काळात माणूस खचतो. जानेवारीपर्यंत आरशात डोकं ऑपरेशनच्या आधीपेक्षाही विरळ दिसू शकतं. लावलेल्या केसांच्या आसपासचे तुमचे जुने केसही धक्क्याने गळतात. त्यातले धडधाकट असतात ते तीन ते सहा महिन्यांत परततात, आधीच बारीक होत आलेले काही परतत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवी लव दिसू लागेल, सुरुवातीला बारीक आणि थोडी वेडीवाकडी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे सहाव्या महिन्याला लोकांच्या लक्षात येईल एवढा फरक पडतो आणि पुरतं चित्र वर्षाने दिसतं. भोवऱ्यात लावले असतील तर तिथे दीड वर्षही लागतं. महिन्यातून एकदा, एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढा. रोज आरशासमोर उभं राहून त्यातून काहीच कळत नाही, फक्त झोप जाते.

बधिरपणा हा मागच्या बाजूच्या बारीक नसा दुखावल्यामुळे येतो. काही आठवड्यांत कमी होतो, काहींना तीन-चार महिने लागतात, क्वचित त्याहून जास्त. जाताना खाज येते, मुंग्या येतात, ती संवेदना परतत असल्याची खूण आहे. बधिरपणा स्वतः धोक्याचा नाही. धोका असा की त्या जागी तुम्हाला चटका, दाब, घासणं काहीच जाणवत नाही. तुमच्या कामात ही फार मोठी गोष्ट आहे, तिच्याकडे पुन्हा येते.

पुटकुळ्यांबद्दल मी सगळ्यात जास्त सावध राहीन. तिसऱ्या आठवड्यापासून चौथ्या महिन्यापर्यंत लावलेल्या भागात अधूनमधून पुटकुळी येणं अपेक्षित असतं. नवा केस बाहेर पडताना कातडीखाली अडकतो, मुळाभोवती थोडी सूज येते, टोकाला पांढरा पू दिसतो. चार-पाच असतील, दुखत नसतील, तर फोडू नका. स्वच्छ सुती फडकं कोमट पाण्यात पिळून दिवसातून दोनदा दहा मिनिटं हलकं धरा आणि सौम्य शाम्पूने डोकं रोज धुवा. आपल्याकडच्या घामात ‘दिवसाआड धुवा’ हा सल्ला पुरत नाही. आठवड्यात बसायला हव्यात. संख्या वाढली, दुखायला लागल्या, एकमेकींना मिळाल्या, पिवळी खपली धरली किंवा वास यायला लागला, तर डॉक्टरने पुवाचा नमुना तपासायला पाठवून मग औषध द्यायला हवं. टाळूला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे खरा जंतुसंसर्ग शंभरात एकालाही होत नाही. पण झाला आणि दुर्लक्ष केलं तर लावलेली मुळं मरतात, ती पुन्हा येत नाहीत.

आणि एक कळकळीने सांगते. मेडिकलवाल्याला विचारून ट्यूब आणू नका. खाज, पुटकुळी, गजकर्ण, सगळ्यावर एकच म्हणून जी मलमं दिली जातात त्यात स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र कालवलेलं असतं. स्टिरॉइडने दोन दिवसांत लाली जाते आणि खाली संसर्ग पसरत राहतो. २०१८ पासून अशा स्टिरॉइडच्या मलमांना डॉक्टरची चिठ्ठी लागते, तरी ती सर्रास मिळतात. हातात ट्यूब घेऊन आलेला आणि तरीही डोकं चिघळलेला पेशंट माझ्याकडे नेहमी येतो. कांद्याचा रस, लिंबू, कोरफडीचा ताजा गरही सध्या नको, कोवळी कातडी त्याने भाजल्यासारखी होते.

तेलाचं आईला एवढंच सांगा की दोन महिने थांबू. खोबरेल तेल वाईट नाही, पण आत्ता मुळांची तोंडं बुजली की पुटकुळ्या वाढतील. माशांचं मात्र तिचं ऐकू नका. मासे खाल्ले की जखमेत पू धरतो, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि त्यापायी ऑपरेशन झालेला माणूस महिनाभर पेज आणि लोणच्यावर राहतो. जखम भरायला आणि केस यायला प्रथिनं लागतात. तुम्हाला माशांची ॲलर्जी नसेल तर बांगडा, तारली, पेडवे खुशाल खा. काही बंद करायचंच असेल तर सिगरेट बंद करा. निकोटिनने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या मुळांना नेमकी त्यांचीच गरज असते. ग्राफ्टच्या मधोमध कातडी काळी-निळी पडून तो तुकडा मरणं, हा या शस्त्रक्रियेतला फार क्वचित दिसणारा पण सगळ्यात वाईट दुष्परिणाम. फार दाट लावल्याने आणि धूम्रपान करणाऱ्यांत, मधुमेह ताब्यात नसलेल्यांत तो जास्त होतो. तो पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत काळ्या जाड खपलीच्या रूपात दिसतो. तुमच्या वर्णनात तसं काही नाही.

ताप आला तर वेगळा विचार करावा लागेल. पावसाळा नुकताच संपलाय, सिंधुदुर्गात या दिवसांत लेप्टो (शेतातल्या, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) आणि डेंग्यू दोन्ही असतात. डोक्याला पू नाही, लाली नाही आणि ताप १०१-१०२ आहे, अंग मोडून दुखतंय, डोळे लाल आहेत, तर तो ऑपरेशनचा ताप समजून घरी पडून राहू नका. शेतात-पाण्यात उतरला होतात का ते सांगा, रक्त तपासा. डॉक्टरला ऑपरेशनचंही सांगा, बरेच जण लाजून ते लपवतात.

आता समुद्र. पोहायला साधारण चार आठवड्यांनी परवानगी देतात, पण तो हिशोब रविवारी एकदा डुंबणाऱ्याचा आहे. तुमच्या कामात दिवसभर डोकं ओलं राहणार, त्यामुळे तुमच्यासाठी मी सहा आठवडे धरीन, आणि तेही पुटकुळ्या बसल्या असतील तरच. दिवाळीला तुमचे साधारण सहा आठवडे होतात, म्हणजे जमण्यासारखं आहे. खारं पाणी मुळांना मारत नाही. ग्राफ्टमध्ये हवेची पोकळी नसते, त्यामुळे खोल पाण्यातल्या दाबाचीही भीती नाही. माझी काळजी मास्कच्या पट्ट्याची आहे. तो डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर घट्ट बसतो, आणि तुमचे ३,००० ग्राफ्ट तिथूनच काढलेत. प्रत्येक ठिकाणी एक मिलिमीटरच्या आसपासचं भोक होतं. वरून ती आठवड्यात बुजली, आतली कातडी मुरायला महिने लागतात. पुढे मास्कची वरची कड नव्या केसांच्या रेषेच्या बोटभर खाली टेकते. दिवसातून पाच-सहा वेळा मास्क चढवायचा, काढायचा, मीठ आणि वाळू मधे घासणार, आणि बधिरपणामुळे तुम्हाला काहीच कळणार नाही.

म्हणून रबराच्या उघड्या पट्ट्यावर रुंद निओप्रीनचं कव्हर चढवा आणि पट्टा लागेल तेवढाच आवळा. आत पातळ लायक्राचा हूड घाला. तो रोज गोड्या पाण्यात धुऊन पूर्ण सुकलेला असू दे, कालचा ओलसर हूड आज घातला तर पुटकुळ्यांना आमंत्रणच. मास्क काढताना केसांवरून मागे ओढू नका, दोन्ही हातांनी पट्टा उचलून पुढे घ्या. वर आलात की डोक्यावर गोडं पाणी ओता, टॉवेलने न घासता टिपा. पहिला आठवडा दिवसाला एकच डाइव्ह ठेवा आणि संध्याकाळी बोटीवरच्या कुणालातरी मागच्या बाजूचा फोटो काढायला लावा. पट्ट्याच्या रेषेत लाली, सोलपटलेली कातडी किंवा रक्त दिसलं तर तिथेच थांबा. सिलिंडर उचलायला एफयूईनंतर आता हरकत नाही. मागून कातडीची पट्टी काढून टाके घालण्याची एफयूटी पद्धत असती तर मी आणखी थांबवलं असतं, कारण वजन उचलताना मान ताणली की तो व्रण रुंदावतो.

त्याहून मोठा शत्रू बोटीवरचं ऊन. पाण्यावरून परतणारा उजेड धरला तर दुपारी तुम्ही दोन्हीकडून भाजता. नवी कातडी उन्हाने काळवंडते आणि तो डाग महिनोन्महिने राहतो, बधिर भाग तर पोळला तरी समजत नाही. तीन महिने पाण्याबाहेर सैल, रुंद काठाची टोपी हवीच. चार आठवडे पूर्ण झाल्यावर, पुटकुळ्या नसलेल्या जागी, कपाळाला आणि केसांच्या रेषेला सनस्क्रीन लावा.

गोळीबद्दल. तुम्हाला दिलेली बहुधा फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम असेल. मागून आणून लावलेले केस मागच्या केसांचेच गुण घेऊन पुढे येतात, म्हणून ते टिकतात. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइख यांनी १९५० च्या दशकात हे दाखवलं आणि ही सगळी शस्त्रक्रिया त्यावरच उभी आहे. पण मधले तुमचे मूळचे केस गळायचे थांबत नाहीत. २७ व्या वर्षी औषध घेतलं नाही, तर दहा वर्षांनी पुढे लावलेल्या केसांची पट्टी आणि तिच्या मागे टक्कल, असं चित्र दिसू शकतं. मित्राची भीती अगदीच निराधार नाही. मूळ चाचण्यांत गोळी घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी २.१ टक्के पुरुषांनी लैंगिक तक्रारी सांगितल्या होत्या. बहुतेकांच्या गोळी थांबवल्यावर जातात, काहींच्या रेंगाळल्याचंही नोंदलं गेलंय. काहींचं मन उदास होतं, टोकाचे विचारही येऊ शकतात. तुम्हाला आधी नैराश्याचा त्रास झाला असेल तर ही गोळी देताना मी फार विचार करते. घ्यायची की नाही हे तुमचं लग्न, मूल होण्याचा विचार, तब्येत यावर अवलंबून आहे आणि ते समोरासमोर बोलून ठरवावं. घेत असाल तर रक्तदान करू नका, आणि घरात गरोदर बाई असेल तर तुटलेल्या गोळीला तिने हात लावू नये. नको वाटली तर नुसतं मिनॉक्सिडिल हे केसांचं औषध डोक्याला लावण्याचा पर्याय आहे, तेही कातडी पूर्ण भरल्यावर.

ऑपरेशन करायच्या आधी हे वाचत असलेल्यांसाठी थोडं. ही शस्त्रक्रिया कुणी करावी याबद्दल राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यात शस्त्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण झालेला डॉक्टर, म्हणजे प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ, अपेक्षित आहे, आणि व्हिडिओ बघून किंवा कार्यशाळेला बसून शिकणं पुरेसं नाही असं त्यांनी स्पष्ट म्हटलंय. ‘एका दिवसात पाच-सहा हजार ग्राफ्ट’ या जाहिरातीला भुलू नका. ॲड्रेनॅलिनसोबत लिग्नोकेनची धरली जाणारी मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ४९० मिलिग्रॅम. तास वाढतात तसं भुलीचं औषध वाढतं, आणि ते जास्त झालं की ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज इथपासून झटके आणि हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत प्रकरण जातं. शिवाय मागच्या केसांचा साठा आयुष्यभरासाठी मोजकाच असतो. विशीत तो उधळला तर चाळिशीत द्यायला काही उरत नाही.

तुम्ही या आठवड्यात एकदा डोकं कुणालातरी प्रत्यक्ष दाखवा. कुडाळ, सावंतवाडी, नाहीतर ओरोसचं जिल्हा रुग्णालय, सोयीचं पडेल तिथे. क्लिनिककडून कागद लेखी मागवा: किती ग्राफ्ट, किती मिलिमीटरचा पंच (मुळं काढायचं गोल पातं), भुलीचं औषध किती दिलं, ऑपरेशन कुणी केलं, आधीच्या रक्ततपासण्या आणि फोटो. नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात असा डॉक्टरांसाठीचा नियम आहे, त्यामुळे यात उपकार मागितल्यासारखं काही वाटून घेऊ नका. आणि तोवर पुटकुळ्या चार-पाचाच्या दहा-बारा झाल्या असतील, तर कागदाची वाट न बघता आधी दाखवून या.